सैतानाच्या हाती वाद्य कुणी दिलं?

सैतान पडण्याआधी स्वर्गातल्या गायकवृंदाचा प्रमुख होता, त्याच्या अंगातच डफ आणि बासऱ्या घडवलेल्या होत्या, म्हणून संगीत हे आजही त्याचं सगळ्यात आवडतं हत्यार आहे, अशी शिकवण आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमधून फिरते आहे. ती उपदेशांत येते, तरुण संघाच्या शिबिरांत येते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून इथे स्कॉटलंडमध्ये माझ्यापर्यंतही येते. उपासनेत ड्रमसेट असावा की नसावा या वादात ती दोन्ही बाजूंनी वापरली जाते. ज्यांना ड्रमसेट नको ते म्हणतात, या तालातूनच सैतान मंडळीत शिरतो. ज्यांना हवा ते म्हणतात, लुसिफरची, म्हणजे पडलेल्या सैतानाची, रिकामी झालेली जागा देवाने आता आपल्याला दिली आहे, म्हणून वर्शिप लीडरवरचा अभिषेक मोठा. भांडण कडाक्याचं आहे, पण दोघांचा पाया एकच. आणि तो पाया शास्त्रात नाही.

सैतान आहे आणि तो पडला, हे मी मानते. ‘सैतानाला विजेसारखं आकाशातून पडताना मी पाहिलं’ असं प्रभू लूक 10:18 मध्ये सांगतो, आणि प्रकटीकरणाच्या 12व्या अध्यायात मीखाएल व त्याचे दूत त्याच्याशी लढतात. प्रश्न एवढाच, की त्याच्या हाती वाद्य कुणी दिलं?

सगळी मदार आहे ती यहेज्केल 28:13 वर. त्या वचनाच्या आधीचं आणि नंतरचं वाचावं, एवढीच माझी विनंती. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात बाबेलच्या बंदिवासात बसलेला हा संदेष्टा 26 ते 28 असे तीन अध्याय सोर या शहराविरुद्ध बोलतो. सोर म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरचं बंदर, त्या काळातली बलाढ्य व्यापारी सत्ता. 27व्या अध्यायात तिथल्या मालाची यादीच आहे. तार्शीशची चांदी, लोखंड, कथील आणि शिसं, घोडे आणि खेचरं, हस्तिदंत, यहूदा-इस्राएलमधून आलेले गहू, मध आणि तेल, दमास्कसचा द्राक्षारस. याच यादीत, 13व्या वचनात, पितळेच्या भांड्यांच्या शेजारी विकायला आणलेली माणसंही आहेत. ही यादी वाचून मगच 28व्या अध्यायात जावं. तिथे सोरच्या राजावर विलापगीत आहे. तो एदेन बागेत होता, रत्नांनी मढलेला होता, पाखर घालणारा करूब, म्हणजे पंख असलेला स्वर्गीय जीव होता, अशी भाषा येते. आणि मग त्याचा दोष सांगितला आहे. 16वं वचन म्हणतं, व्यापार वाढला तसा तुझ्यात जुलूम भरला. 17वं म्हणतं, सौंदर्याने तुझं मन उन्मत्त झालं. 18वं पुन्हा अन्यायाच्या व्यापाराकडेच बोट दाखवतं. अख्ख्या आरोपपत्रात गाणं नाही.

मग डफ-बासऱ्या आल्या कुठून? 1611च्या किंग जेम्स इंग्रजी भाषांतरातून. ती ओळ मुळात अवघड आहे, आणि आजूबाजूला सगळी रत्नंच असल्यामुळे अलीकडच्या बऱ्याच भाषांतरकारांनी तिथे रत्नांची कोंदणं वाचली आहेत. पण मी त्यावर अडून बसणार नाही. डफच होते असं धरून चालू. तरी ते त्या राजाच्या वैभवातले डफ झाले. दोनच अध्याय आधी, 26:13 मध्ये, तुझ्या गाण्यांचा गलबला बंद पाडीन आणि तुझ्या वीणांचा नाद पुन्हा ऐकू येणार नाही, असं देव याच शहराला सांगतो. याच शिकवणीसाठी दाखवल्या जाणाऱ्या यशया 14 मध्ये अधोलोकात उतरणाऱ्या वीणांचा नाददेखील असाच आहे, आणि तो अध्याय बाबेलच्या राजावरचं गीत असल्याचं चौथ्या वचनात स्पष्ट लिहिलं आहे.

या दोन राजांच्या मागे सैतानाची सावली पाहण्याची परंपरा जुनी आहे. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताने हे दोन्ही उतारे सैतानाच्या पतनाशी जोडले, आणि पुढे पुष्कळांनी ते उचललं. गर्विष्ठ राजाच्या पडण्यात त्याहून जुनं पतन दिसावं हे मला समजतं, त्यात अर्थही आहे. पण त्या परंपरेच्या आधाराने त्याला गायकवृंदाचा प्रमुख करणं म्हणजे वचनात नसलेलं वचनात घालणं. ईयोब 38:7 मध्ये पहाटेचे तारे मिळून गातात, तिथे प्रमुख म्हणून कुणाचंच नाव नाही. उलट जिथे खरोखर गायकवृंद आहे तिथे शास्त्र नावांची कंजुषी करत नाही. 1 इतिहास 25 उघडा. आसाफ, हेमान, यदूथून, त्यांचे मुलगे, गायनात तरबेज असे एकूण 288 जण, आणि चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या त्यांच्या 24 पाळ्या. ज्या ग्रंथाने एवढी नोंद ठेवली, त्याने स्वर्गातल्या गानप्रमुखाचं पतन एका रत्नांच्या ओळीत लपवून ठेवलं असेल, हे मला पटत नाही.

इथे राहून हा प्रश्न मला वेगळ्या बाजूने दिसला. वाद्यांना कडक विरोध करणारे ख्रिस्ती लोक कुणाला पाहायचे असतील, तर त्यांनी स्कॉटलंडमध्ये यावं. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेपासून इथली परंपरा जॉन कॅल्व्हिन या धर्मसुधारकाची. इथल्या फ्री चर्चमध्ये पिढ्यान्‌पिढ्या फक्त बायबलमधली स्तोत्रसंहिता गायली गेली, तीही वाद्यांशिवाय. (मुंबईत 1829 साली आलेले मिशनरी डॉ. जॉन विल्सन चर्च ऑफ स्कॉटलंडमधल्या 1843च्या फुटीनंतर याच चर्चमध्ये गेले, म्हणजे हे घराणं आपल्याला अगदीच परकं नाही.) लुईस बेटावर एका रविवारी मी गेलिक भाषेतली उपासना ऐकली. प्रार्थनेला सगळे उभे राहिले आणि गायला बसले, आपल्या बरोबर उलट. पुढे बसलेल्या एका वयस्क गृहस्थांनी स्तोत्राची ओळ उचलली आणि मंडळीने ती घेतली, पण एका सुरात नाही. प्रत्येक जण आपापल्या हरकती घेत, कुणी पुढे कुणी मागे, आणि तरी सगळ्यांचा मिळून एकच मोठा आवाज. भजनात बुवांनी ओळ सोडावी आणि मागच्यांनी ती उचलून धरावी, तसंच काहीसं, फक्त टाळ नाहीत आणि घाई अजिबात नाही. शब्द कळत नव्हते, पण माझे डोळे भरून आले.

नंतर तिथल्या मंडळीच्या एका वडिलांना (एल्डरना) मी विचारलं, ‘तुम्ही वाद्यं वापरत नाही ते सैतानामुळे का?’ त्यांना प्रश्नच कळला नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं. उपासनेत देवाने आज्ञा दिलेलंच करावं. मंदिरातली वाद्यं होमार्पणं आणि धूपाबरोबरची होती, ती ख्रिस्तात पूर्ण झाली. नव्या करारात मंडळीला सांगितलंय ते गाण्याचं, वाजवण्याचं नाही. हा कॅल्व्हिनचाच युक्तिवाद. आणि यशया 14 मधला लुसिफर म्हणजे सैतान, या वाचनाला अज्ञान म्हणणाराही हाच कॅल्व्हिन.

मला हा युक्तिवाद मान्य नाही, मी हार्मोनियमवर वाढलेली आहे. पण तो प्रामाणिक आहे. त्याला वचन दाखवता येतं, उलट वचन दाखवून उत्तर देता येतं, आणि तेच झालं. 2010 मध्ये फ्री चर्चने खुली चर्चा करून मतदान घेतलं आणि ज्या मंडळ्यांना हवं त्यांना इतर गीतं व वाद्यं वापरायची मुभा दिली. कित्येकांना ते आजही सहन होत नाही. मात्र पियानो वाजवणाऱ्या मुलीला त्या वादात सैतानाची दूत ठरवल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आपल्याकडे ठरवतात. माझा भाचा सतरा वर्षांचा आहे, तिकडच्या आमच्या मंडळीत कीबोर्ड वाजवायचा. एका शिबिरात त्याला सांगण्यात आलं, की जो वादक आहे त्याच्यावर सैतानाचा डोळा आधी, कारण तू त्याच्याच जुन्या कामावर बसला आहेस. महिनाभर तो वाद्याला हात लावेना. मग एका रात्री त्याने फोन केला. ‘आत्या, मला वाजवताना छान वाटतं. ते छान वाटणं म्हणजे तोच का गं?’ या प्रश्नाने मला फार राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. दावीद वीणा वाजवी तेव्हा शौल राजाला चैन पडे आणि दुरात्मा त्याला सोडून जाई, हे 1 शमुवेल 16:23 मध्ये लिहिलंय. वाद्याने सैतान येतो म्हणणाऱ्यांनी त्या मुलाला हे वचन वाचून दाखवायला हवं होतं. मी फोनवर वाचून दाखवलं. मग तांबड्या समुद्रापलीकडे डफ घेऊन नाचणारी मिर्यामही वाचली. सोरच्या राजाचा डफ सैतानाचा, तर मिर्यामचा कुणाचा?

भीती घालून सांगण्यात आणखी एक नुकसान आहे. शास्त्राने संगीताबद्दल जे खरे इशारे दिले आहेत ते त्यामुळे झाकले जातात, आणि ते सगळे आपल्याविषयी आहेत. आमोस 5:23 मध्ये देव म्हणतो, तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापासून दूर करा, तुमच्या वीणांचा नाद मी ऐकणार नाही. कारण त्याच अध्यायात आहे : गरिबाला तुडवलं, वेशीत लाच घेतली. बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाच्या सोन्याच्या मूर्तीपुढच्या वाद्यांची यादी दानीएल 3 मध्ये चार वेळा येते. शद्रख, मेशख आणि अबेद्‌नगो वाद्यांबद्दल चकार शब्द काढत नाहीत, ते फक्त वाकत नाहीत. आणि ज्या यहेज्केलाच्या नावावर ही सगळी शिकवण खपवली जाते, त्याच्याच 33:32 कडे कुणी वळत नाही. देव त्याला सांगतो, या लोकांच्या लेखी तू म्हणजे गोड गळ्याने गायलेलं, सुरेख वाजवलेलं एक प्रेमगीत आहेस. ते तुझे शब्द ऐकतात, पण त्याप्रमाणे वागत नाहीत. मला भीती वाटते ती या वचनाची. उपासना संपल्यावर ‘आज काय सुंदर झालं’ म्हणत आपण बाहेर पडतो, आणि शेजारच्या भावकीशी चाललेला खटला सोमवारी पुढे चालू.

सैतान आणि उपासना खरोखर समोरासमोर येतात ते मत्तय 4 मध्ये. तिथे तो जगातली सगळी राज्यं आणि त्यांचं वैभव दाखवतो आणि म्हणतो, पाया पडून मला नमन कर. वाद्य नाही, सूर नाही. सोरच्या राजाला ज्याने बुडवलं तेच तिथे पणाला लावलेलं आहे. मोठ्या स्टेजच्या, मोठ्या रोषणाईच्या उपासनेला माझा आक्षेप असेल तर तो या जागी आहे, ड्रमच्या तालावर नाही. आणि हा मोह इथल्या बड्या चर्चेसनाही सुटलेला नाही.

परक्या वाद्याची भीती आपल्या मंडळ्यांना नवी नाही. एके काळी तबला आणि टाळांनाही ‘हे आपलं नव्हे’ म्हणणारे आपल्यातच होते, कारण ती वाद्यं देवळातली. तरीही कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंगाच्या चालीत प्रभूला हाक मारली. टिळक 1919 साली गेले. आज त्यांची भजनं म्हणजेच ‘आपलं जुनं संगीत’ आणि ड्रमसेट म्हणजे परकीय आक्रमण, असं आपण म्हणतो.

ड्रमसेटवर बोलावं, जरूर बोलावं, पण त्याच्याबद्दलच बोलावं. माझी स्वतःची तक्रार आहे. आमच्या मंडळीत गेल्या भेटीत आवाज इतका मोठा होता, की शेजारी बसलेली माझी ऐंशीच्या घरातली काकी गाते आहे हे मला तिच्या ओठांवरून कळलं. तिला ‘उपासना संगीत’ हे आपलं गीतपुस्तक जवळजवळ पाठ आहे. कलस्सैकर 3:16 मध्ये स्तोत्रं आणि गीतं गाऊन एकमेकांना शिकवण्याची, बोध करण्याची आज्ञा आहे, म्हणजे शेजारच्याचे शब्द शेजारच्याला ऐकू यायला हवेत. या वचनावर वडिलांनी आणि वर्शिप टीमने एकत्र बसावं. कोणतं गीत काकीला झेपेल, कोणत्या गीतात मुलांना जोर लावू द्यायचा, स्पीकर कुठे ठेवायचे, हे सगळं तासाभराच्या बैठकीत ठरण्यासारखं आहे, आणि त्या बैठकीत कीबोर्ड वाजवणाऱ्या पोरांनाही बोलू द्यावं.