मिंगचा दरबार तरी बघा

‘फ्लॅश गॉर्डन’ (१९८०) या इंग्रजी सिनेमाला एका लेखात ‘फसलेली अंतराळकथा’ म्हटलंय, ते काही पटलं नाही. हा सिनेमा गंभीर व्हायला निघालाच कुठे होता? पटकथा लोरेन्झो सेम्पलची, म्हणजे साठच्या दशकातली टीव्हीवरची बॅटमॅन मालिका घडवणाऱ्याची. खलनायक सम्राट मिंगच्या भर दरबारात नायक फ्लॅश धातूचं अंडं काखेत मारून पहारेकऱ्यांना अमेरिकन फुटबॉलसारख्या धडका देत सुटतो आणि त्याची मैत्रीण डेल बाजूला उभी राहून ‘गो फ्लॅश गो’ ओरडते! यावर हसू येत नसेल तर बोलणंच खुंटलं. फ्लॅश झालेला सॅम जोन्स ठोकळा आहे, मान्य. पण माक्स फॉन सिडोचा मिंग काय तोऱ्यात वावरतो! वर क्वीन या रॉक बँडचं संगीत. अलेक्स रेमंडच्या १९३४ च्या मूळ चित्रपट्टीतला (कॉमिक स्ट्रिप) भडकपणा वेशभूषाकार दोनातीच्या लाल-सोनेरी पोशाखांत पुरेपूर उतरलाय.