मेंदूतली वीज तांबी ओढून घेते म्हणे!

गेल्या मंगळवारी रात्री अकराला मामेबहिणीचा फोन आला. एवढ्या उशिरा ती कधी करत नाही. मागे बाळ रडत होतं. "ताई, तीन दिवस झाले, फिटची गोळी घेतली नाहीये मी. काही होणार नाही ना?"

तिला नववीत असल्यापासून फिट येतात. कार्बामाझेपिन चालू आहे, सकाळ-संध्याकाळ, आणि त्या गोळीच्या जोरावर गेली चार वर्षं एकही फिट आलेली नाही. नोकरी लागली, लग्न झालं, सव्वातीन महिन्यांपूर्वी मुलगी झाली. सगळं नीट चाललेलं, आणि आता गोळी बंद. का? तर मामीच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज आला. मामीने तो काळजीपोटी लेकीला पाठवला आणि लेकीने तो काळजीपोटीच ऐकला. दुसऱ्या दिवशी तोच मेसेज आमच्या शाळेच्या स्टाफच्या ग्रुपवर. आठवड्याभरात चार ठिकाणांहून आला. तेव्हा आता लिहितेच.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. बाळंतपणाने बाईचं शरीर नव्याने घडतं, फिटचा आजार आपोआप जातो, म्हणून गोळ्या बंद कराव्यात, नाहीतर दुधातून 'विष' बाळाच्या पोटात जातं. अंगावर पाजतेय तोवर दिवस राहत नाहीत, तेव्हा काही वापरायची गरज नाही. तांबी, म्हणजे गर्भाशयात बसवतात ती कॉपर-टी, तर मुळीच बसवू नये, कारण फिट म्हणजे मेंदूतली वीज, तांबं विजेचं वाहक, त्यामुळे तांबी ती वीज खाली ओढते आणि फिट वाढतात. गर्भनिरोधक गोळ्या अशा बाईला चालत नाहीत. आणि पुढचं मूलही फिटचंच निपजणार, म्हणून पहिल्यावरच ऑपरेशन उरकून मोकळं व्हावं. खाली पाच जोडलेले हात आणि 'एका तरी बहिणीचा संसार वाचेल'.

पहिल्या वाक्यात आजार गेलेला असतो, तिसऱ्यात तो वाढतो आणि शेवटी पुढच्या पिढीत उतरतो. लिहिणाऱ्याने स्वतःचा मेसेज एकदा तरी वाचला असेल का, शंका आहे.

तांबीपासून सुरू करते, कारण मी दहावीला विद्युतधारा शिकवते आणि त्या वाक्याने माझं डोकं सगळ्यात आधी फिरलं. फिट मेंदूतल्या पेशींच्या विद्युत गडबडीमुळे येते, इथवर खरं आहे. पण ही वीज म्हणजे भिंतीतल्या वायरमधली वीज नव्हे. पेशीच्या आवरणातून सोडियम, पोटॅशियम यांचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, आत-बाहेर करतात आणि त्यातून इवलेसे संदेश तयार होतात, व्होल्टच्या हजाराव्या भागांत मोजावे लागतील असे. जे घडतं ते मेंदूतच घडतं. गर्भाशयात बसवलेला बोटाच्या दोन पेरांएवढाही नसलेला प्लास्टिकचा तुकडा आणि त्यावर गुंडाळलेली तांब्याची तार कुठल्याही सर्किटला जोडलेली नसते. तांबी काम करते ती तांब्याचे आयन शुक्राणूंना निकामी करतात म्हणून. विजेचा तिथे संबंधच नाही.

आणि अंगावर विजेचा वाहक नको असेल, तर आधी पायांतली जोडवी काढा. सगळ्या धातूंत चांदी पहिल्या नंबरची वाहक, तांब्याच्याही पुढे. मंगळसूत्रातलं सोनंही वाहक, आणि ते तर तांबीपेक्षा मेंदूच्या किती जवळ! जोडव्यांमुळे आजवर कोणाला फिट आली? शिवाय ज्या ग्रुपवर हे आलं, त्याच ग्रुपवर रोज सकाळी 'तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्या' येतं. तांबं पोटात गेलं तर अमृत आणि गर्भाशयात बसवलं तर शॉक?

माझ्या शब्दावर जाऊ नका. कोणत्या आजारात कोणतं गर्भनिरोधक चालतं, यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे वैद्यकीय पात्रता निकष आहेत. त्यात आजार आणि साधन अशा प्रत्येक जोडीला १ ते ४ यांपैकी एक आकडा दिलाय. १ म्हणजे खुशाल वापरा, २ म्हणजे धोक्यापेक्षा फायदा जास्त, ३ म्हणजे शक्यतो नको, ४ म्हणजे अजिबात नको. माझ्यासमोर २०१५ ची पाचवी आवृत्ती आहे. फिटचा आजार आणि तांबी: १. कार्बामाझेपिन आणि तांबी: १. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत किंवा चार आठवडे उलटल्यावर बसवायची असेल तरीही १, मधल्या दिवसांत मात्र ३. विजेचा उल्लेख कुठेही नाही.

तांबीच्या खऱ्या तक्रारी वेगळ्या आहेत. पहिले तीन ते सहा महिने पाळीत रक्त जास्त जातं, पोटात कळा येतात. आधीच हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईने हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं. मेसेजमध्ये हे असतं तर मी गप्प बसले असते. बहिणीने आणखी एक विचारलं, पुढे कधी मेंदूचा एमआरआय करावा लागला तर? तांबी असताना नेहमीच्या मशीनवर एमआरआय होतो, फक्त आधी सांगायचं.

आता गोळ्या बंद करण्याबद्दल. इथे हसू येत नाही.

'लग्न झालं की फिट जातात', 'मूल झालं की जातात' हे मी लहानपणापासून ऐकतेय. याच समजुतीपायी किती मुलींचे आजार लपवून विवाह उरकले गेले असतील. दुसरीकडे हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचा, म्हणजे फिटच्याच आजाराचा, उल्लेख लग्नाच्या अटीत होता, तो निघायला १९९९ उजाडावं लागलं. म्हणजे आजार एवढा मोठा की लग्न मोडावं, आणि एवढा छोटा की लग्नानेच बरा व्हावा!

बाळंतपणाने हा आजार जात नाही. उलट बाळंतपणानंतरचे पहिले महिने जास्त जपायचे असतात, कारण झोप मोडते आणि अपुरी झोप फिटला आयतं निमंत्रण देते. अशा वेळी गोळी एकाएकी थांबवली, तर फिट परत येऊ शकते, एकामागून एक येऊन जिवावरही बेतू शकते. आणि त्या क्षणी तिच्या मांडीवर कोण असेल? सव्वातीन महिन्यांचं बाळ. 'विषा'पासून ज्याला वाचवायचं, तेच.

दुधाचंही सांगते. कार्बामाझेपिन दुधात थोड्या प्रमाणात उतरतं, हे खरं आहे. पण हेच औषध नऊ महिने नाळेतून बाळापर्यंत पोचतच होतं, दुधातून त्यापेक्षा बरंच कमी जातं. या गोळीवर असलेल्या आईने अंगावर पाजायला हरकत नाही. बाळ फार सुस्त वाटलं, नीट ओढत नसेल, वजन वाढत नसेल किंवा कावीळ दिसली, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं. एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते: बाळंतपणानंतर फिटच्या काही औषधांचे डोस बदलावे लागतात, विशेषतः गरोदरपणात वाढवलेले असतील तर. पण ते बदलतो मेंदूचा डॉक्टर, भजनी मंडळ नव्हे.

खरी काळजी घ्यायचीच असेल, तर घरात घेण्यासारखी पुष्कळ आहे. बाळाला जमिनीवर गादी घालून, भिंतीला टेकून पाजावं. एकटीने अंघोळ घालू नये. दुपटं जमिनीवर घालून, खाली बसूनच त्याचे कपडे बदलावेत. रात्रीचं एखादं पाजणं दुसऱ्या कोणी वाटी-चमच्याने करावं, म्हणजे आईला सलग झोप मिळेल. आणि ती बाजेखालची शेगडी! फिट येऊ शकणाऱ्या बाईला निखाऱ्यांवर शेक द्यायचा, हे कोणाच्याच घरात कसं खटकत नाही? आमच्याकडे पहिले दहा दिवस चालू होती. मी ओरडल्यावर बंद झाली.

'अंगावर पाजतेय तोवर दिवस राहत नाहीत.' हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच जास्त फसवं. तीन अटी आहेत, आणि तिन्ही एकाच वेळी पाळल्या पाहिजेत. बाळ सहा महिन्यांहून लहान, पाळी अजून सुरू झालेली नाही, आणि बाळाला दिवसा-रात्री फक्त अंगावरचंच दूध. असं असेल तर शंभरातल्या साधारण दोघींनाच दिवस राहतात, म्हणजे पद्धत चांगलीच आहे. एक अट मोडली की भरवसा संपला. आता वरचा परिच्छेद आठवा. आईची झोप व्हावी म्हणून आमच्याकडे रात्री वरचं दूध चालू आहे, म्हणजे तिसरी अट पहिल्याच महिन्यात मोडली. आणि पाळीच्या आधी स्त्रीबीज सुटतं, म्हणून पाळी दिसायच्या आतही दिवस राहू शकतात. मेसेजमध्ये दीड-दोन वर्षं निश्चिंत राहायला सांगितलंय. कमाल आहे.

गर्भनिरोधक गोळ्यांचं मात्र मेसेजने, चुकून का होईना, बरोबर सांगितलंय. थोडंसं. कार्बामाझेपिन, फेनिटोइन, फेनोबार्बिटोन ही फिटची औषधं यकृताला जास्त कामाला लावतात, मग गर्भनिरोधक गोळीतले हार्मोन शरीरात लवकर मोडून संपतात. फिट वाढत नाहीत, गोळीच फसते आणि दिवस राहतात. त्याच निकषांत या जोडीपुढे ३ आहे. लॅमोट्रिजिन या फिटच्या दुसऱ्या औषधाचं उलटं. इस्ट्रोजेन हे हार्मोन असलेली गर्भनिरोधक गोळी रक्तातलं लॅमोट्रिजिनच कमी करते आणि मग फिट वाढू शकतात, तिथेही ३. पण व्हॅल्प्रोएट किंवा लेव्हेटिरासिटाम ही फिटची औषधं घेणारीला ही अडचण नाही. तेव्हा 'फिटवालीला गोळी चालत नाही' हे वाक्य सरसकट चूक. कोणती फिटची गोळी, हे न विचारता दिलेला सल्ला निरुपयोगी असतो. पाजणाऱ्या आईने इस्ट्रोजेनची गोळी सहा महिने टाळायची, हे फिट असो वा नसो, सगळ्यांनाच लागू. आणि मेडिकलमधून घेतलेली, संबंधानंतर घ्यायची ७२ तासांची गोळीही कार्बामाझेपिनपुढे कमी पडू शकते, हेही कुणी सांगत नाही.

सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारं अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन, दर तीन महिन्यांनी, त्या निकषांत कार्बामाझेपिनबरोबर १ मध्ये आहे. सहा आठवड्यांनंतर पाजणाऱ्या आईलाही चालतं. पाळी अनियमित होते, आणि थांबवल्यावर पुन्हा दिवस राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून साधारण सात ते दहा महिने लागतात, म्हणून लगेच दुसरं हवं असणारीने हिशोब करून घ्यावं. फिटच्या काही औषधांनी आणि या इंजेक्शननेही हाडांची घनता कमी होते, ते डॉक्टरांना विचारायचं.

राहिलं ऑपरेशन. 'पुढचं मूलही फिटचंच' हे वाचून बहीण जास्त रडली, गोळ्यांपेक्षाही. फिट असलेल्या बहुसंख्य आयांची मुलं निरोगी असतात. आईमुळे मुलाला हा आजार होण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते, पण शंभरातल्या मोजक्यांनाच. बाळाला खरा धोका असतो तो काही औषधांमुळे, आणि त्यात व्हॅल्प्रोएट सगळ्यात वाईट. गरोदरपणात ते घेतलं, तर दहातल्या साधारण एका बाळात मोठं व्यंग निघतं, आणि बुद्धीच्या वाढीवरही परिणाम होतो. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं की मूल होण्याच्या वयातल्या मुलींना-बायांना हे औषध देऊ नये. म्हणून तर गर्भनिरोधक हवं! औषध बदलायचं असेल तर ते दिवस राहण्याच्या आधी, फॉलिक ॲसिड सुरू करायचं तेही आधी, आणि बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहण्याआधी निदान दोन वर्षं जाऊ द्यायची, तर मधला काळ कोणीतरी राखायला नको? आमच्या बहिणीला दुसरं मूल हवंय. तांबी काढली की लगेच दिवस राहू शकतात. ऑपरेशन म्हणजे कायमचा दरवाजा बंद, आणि तो चोविसाव्या वर्षी एका फॉरवर्डच्या भीतीने लावायचा? सरकारी नियमही मूल वर्षाचं झाल्याशिवाय ऑपरेशन करू नये असंच म्हणतो, वैद्यकीय कारण असेल तर गोष्ट वेगळी. आणि संमती लागते ती फक्त तिची, नवऱ्याचीही नाही, सासूची तर नाहीच.

जाता जाता. एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये बाळाच्या बापाचा उल्लेख एकदाही नाही. निरोध नाही, नसबंदी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांचं ऑपरेशन झालेलं होतं, नवऱ्याचं झालेल्या ०.३ टक्के. मेसेज लिहिणारा कोणत्या जगातला, ते यावरून कळतं.

त्या रात्री मी तिला सांगितलं, डॉक्टरांना आत्ता फोन लाव. त्यांनी ठरलेला डोस लगेच सुरू करायला सांगितला, चुकलेल्या गोळ्या भरून काढायला एकदम जास्त घेऊ नकोस म्हणाले, आणि आठवडाभर एकटी राहू नकोस. फिट आली नाही. येत्या गुरुवारी तिची तपासणी आहे. तांबी की इंजेक्शन, हे तिचं अजून ठरलेलं नाही, दोन्हींबद्दलचे प्रश्न तिने वहीत लिहून ठेवलेत. मामी सोबत जाणार आहे, बाळाला धरायला.