जाळी काढल्याने ताकद वाढत नाही

मोटारसायकलच्या सायलेन्सरवरच्या लेखात म्हटलंय, सायलेन्सरची आतली जाळी काढली की गाडी मोकळी होते आणि ताकद वाढते. हे निम्मंच खरं आहे. मी स्वतः घरच्या ड्रिलनं ३५० सीसीच्या कार्ब्युरेटरवाल्या (म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणारा जुना भाग असलेल्या) गाडीची जाळी काढली होती. आवाज लई भारी आला, पण कोल्हापुरात रंकाळ्याच्या उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की फट्फट् सुरू. महिन्याभरात इंजिनकडचा पाइप निळा पडला, स्पार्क प्लग काढला तर पांढराफटक! हवा वाढली, पेट्रोल तेवढंच राहिलं, म्हणून इंजिन तापत होतं. शेवटी उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींनी मोठा जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं तोंड) घातला आणि पाइपाचं गॅसकेट बदललं, तेव्हा गाडी ताळ्यावर आली. ताकद म्हणाल तर होती तेवढीच. जेटचं एक वाक्य तरी लेखात हवं होतं. बीएस-६ म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या गाडीत तर सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर आणि धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, तिथं घरी कापाकापी करूच नका.

दंडाचाही उल्लेख नाही. आवाज-प्रदूषणाचे नियम मोडले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, शिवाय लायसन्स ३ महिने अडकतं. आणि गल्लीत तान्हं पोर झोपलेलं असतं, त्याचा विचार कोण करणार? हात शिवशिवतच असतील तर गंज घासून हीटप्रूफ रंग मारा, खालचं पाणी निघायचं बारीक भोक साफ करा. आपल्याकडच्या पावसात सायलेन्सर कुजतो तो बहुतेक तिथूनच.