उंट, घोडा आणि मी

परवा ऑनलाइन बुद्धिबळाच्या गेममध्ये माझ्याकडे राजाशिवाय उंट आणि घोडा उरले, समोर नुसता एकटा राजा. हे जिंकता येतं एवढं मला पक्कं माहीत होतं, कसं जिंकतात ते 'नंतर कधीतरी नीट बघू' या खात्यात गेली कित्येक वर्षं पडून होतं. त्यात ५० चालींचा नियम, म्हणजे कोणी काही मारलं नाही आणि प्यादं हललं नाही तर पन्नास चालींनंतर ड्रॉ. पन्नास म्हणजे रग्गड की! (सुट्टीच्या पहिल्या दिवशीही असंच वाटतं.)

राजाला हाकत हाकत कोपऱ्यात नेलं, छान कोंडलं, आणि मग लक्षात आलं की कोपरा चुकलाय. मात जबरदस्तीनं करायची तर ती उंटाच्या रंगाच्या कोपऱ्यातच होते. माझा उंट पांढऱ्या घरांवरचा, आणि समोरचा राजा काळ्या कोपऱ्यात, ए-१ घरात, निवांत. तिथून त्याला कडेकडेनं दुसऱ्या कोपऱ्यात न्यायला घोड्याला डब्ल्यू काढायचा असतो म्हणे. माझ्या घोड्यानं काय अक्षर काढलं ते कुठल्याच लिपीत नाही.

मग ॲनालिसिस उघडलं, जखमेवर मीठ. एरवी इंजिन, म्हणजे चाली तपासणारा प्रोग्रॅम, 'प्लस १.३' (पांढरा सव्वा प्याद्यानं पुढे) वगैरे सांगतं, तो शेवटी अंदाजच. इथे अंदाजाचा उपयोग नाही, कारण वीस चाली पुढे पाहिलं तरी तेच चार मोहरे इकडचे तिकडे झालेले दिसतात. जुन्या इंजिनांना तर 'राजाला उंटाच्या रंगाच्या कोपऱ्याकडे ढकल' असं वेगळं शिकवून ठेवावं लागायचं. पण दोन्ही राजे धरून मोहरे सातपर्यंत आले की टेबलबेस असतो, म्हणजे प्रत्येक पोझिशनच्या तयार उत्तरांची वही. ती बनवताना आधी मात झालेल्या सगळ्या पोझिशन घ्यायच्या, मग एकेक चाल उलटं मागे जात प्रत्येक पोझिशनचा निकाल लिहून ठेवायचा. सात मोहऱ्यांचा 'सिझिजी' नावाचा टेबलबेस, भरपूर दाबूनही, साधारण १७-१८ टेराबाइट भरतो. विचारबिचार काही नाही, नुसतं पान उघडून बघायचं!

तर माझं पान. मात २७ चालींत. मी घोडा हलवला: २८. राजा हलवला: ३०. बरोबर खेळलं तर या एंडगेमला जास्तीत जास्त ३३ चाली लागतात, म्हणजे मोहरा न गमावता याहून वाईट जमूच शकत नाही, आणि मी ३१ ला दोनदा जाऊन आलो.

सात मोहऱ्यांत वजीर-प्यादं विरुद्ध हत्ती-उंट-घोडा अशी एक पोझिशन आहे, मात ५४९ चालींत. खऱ्या गेममध्ये असल्या जिंकलेल्या पोझिशन ५० च्या नियमात अडकून ड्रॉ होतात, टेबलबेसवाले त्याला शापित विजय म्हणतात. मी आशेनं माझ्या पोझिशनवरही तसला शिक्का शोधला. नव्हता.

पन्नासावी चाल झाली, ड्रॉ. समोरच्यानं 'थँक्यू' टाईप केलं. त्या शेवटच्या पोझिशनपुढे टेबलबेसनं लिहिलं होतं: मात ६ चालींत.