ब्रेक ऑइल ओतून पॉवर स्टिअरिंगची गळती थांबत नाही

जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर एक मेसेज बरेच दिवस फिरतोय. मी तो दोनदा वाचून सोडून दिला होता. आता तो मामांपर्यंत पोचलाय. मामांकडे जुनी जर्मन सेडान आहे, तिच्या स्टिअरिंगचं तेल ठिबकतंय आणि मामांच्या हातात ब्रेक ऑइलचा डबा आहे. म्हणजे आता लिहिणं भाग आहे.

मेसेज थोडक्यात असा. आलिशान गाडी जुनी झाली, पॉवर स्टिअरिंग गळायला लागलं, तर घाबरू नका. एक, स्टिअरिंगच्या तेलाच्या टाकीत थोडं ब्रेक ऑइल टाका, सिलं (जोडांमधून तेल बाहेर येऊ न देणाऱ्या रबरी कड्या) फुगतात आणि गळती बंद होते. दोन, तेल कुठलंही चालतं, लाल काय नि हिरवं काय. तीन, गळती शोधायची तर इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग एका टोकाला वळवा आणि मिनिटभर धरून ठेवा. चार, होज (तेलाची रबरी नळी) फुटला असेल तर रबर गुंडाळून क्लिप आवळा. पाच, तेल संपलं तरी काही होत नाही, स्टिअरिंग फक्त जड होतं. सहा, एवढं करूनही थांबलं नाही तर रॅक (स्टिअरिंगचं वळण चाकांपर्यंत नेणारा दांडा) गेली समजा, नवी टाका. आणि शेवटी ते नेहमीचं: ‘गॅरेजवाले तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत.’ बरोबर आहे, नाहीच सांगणार. कुठल्या तोंडाने सांगतील?

ब्रेक ऑइलपासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या सल्ल्यांनी एखादा भाग जाईल, याने स्टिअरिंगची अख्खी यंत्रणा जाते.

यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. ब्रेक ऑइलने सिलं फुगतात. डॉट ३ आणि डॉट ४ ही ब्रेक ऑइलं ग्लायकॉल इथर जातीची. पॉवर स्टिअरिंगमधली सिलं बहुतेक नायट्राइल रबराची, म्हणजे खनिज तेलात राहण्यासाठी केलेली. ग्लायकॉल त्या रबरात शिरतं, रबर फुगतं आणि मऊ पडतं. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन आकसलेलं सील फुगून पुन्हा शाफ्टला टेकतं आणि ठिबकणं काही दिवस कमी होतं. नेमक्या त्याच दिवसांत कोणीतरी व्हिडिओ काढतो.

पुढचं मात्र व्हिडिओत येत नाही. तेल काही पत्ता विचारून फक्त गळणाऱ्या सिलाकडे जात नाही. ते पंपात, व्हॉल्व्हमध्ये, होजच्या आतल्या अस्तरात, प्रत्येक ओ-रिंगपर्यंत (जोडातल्या गोल रबरी कडीपर्यंत) जातं. जी सिलं ठणठणीत होती तीही फुगतात. पंपाचा शाफ्ट फिरत असतो. मऊ पडलेली सिलाची कड त्यावर घासते, तिचे कण सुटतात आणि तेलाबरोबर व्हॉल्व्हकडे जातात. शिवाय ग्लायकॉल खनिज तेलात नीट मिसळत नाही आणि हवेतली ओल ओढून घेतं. पंपाच्या पात्या तेलाच्या पातळ थरावर चालतात. टोकाच्या वळणावर तिथे शंभर बारच्या आसपास दाब असतो. तिथे वंगण म्हणून ब्रेक ऑइल काय कामाचं? एका गळतीच्या तीन होतात आणि वर पंप आवाज करायला लागतो, तो वेगळाच. त्यातून गळणारं तेल गाडीच्या रंगावर पडलं तर रंगही उचलतं.

‘तू काय इंजिनिअर आहेस का?’ असं विचारणाऱ्यांनी माझं ऐकू नका. ब्रेक फ्लुइडसाठी अमेरिकेचं फेडरल मोटार वाहन सुरक्षा मानक क्रमांक ११६ आहे. डब्यावर काय छापायचं तेही हेच मानक ठरवतं, आणि त्यात स्पष्ट इशारा आहे: पाणी, धूळ किंवा पेट्रोलियम पदार्थ मिसळले तर ब्रेक निकामी होऊ शकतात किंवा महागडी दुरुस्ती ओढवू शकते. हा इशारा ब्रेकच्या बाजूने लिहिलाय, हे कबूल. पण वैर दोन्हीकडून आहे. ब्रेकचं रबर खनिज तेलात फुगून खराब होतं, स्टिअरिंगचं रबर ग्लायकॉलमध्ये. हेच मानक रंगही वाटून देतं: डॉट ३, ४ आणि ५.१ बिनरंगी ते पिवळसर, सिलिकॉनचं डॉट ५ जांभळं आणि खनिज तेलाचं हायड्रॉलिक ऑइल हिरवं. माणसाने चुकून एकात दुसरं ओतू नये म्हणून रंगापर्यंत विचार केलाय, आणि मेसेजवाला मुद्दाम ओता म्हणतो.

आलिशान गाड्यांचाच दाखला हवा असेल तर रोल्स-रॉइस घ्या. सिल्व्हर शॅडोच्या हायड्रॉलिक यंत्रणेत आरआर३६३ नावाचं ब्रेक फ्लुइड लागायचं. १९८० साली आलेल्या सिल्व्हर स्पिरिटमध्ये कंपनी खनिज तेलावर गेली. एकीचं तेल दुसरीत गेलं की सिलं बदलत बसायचं, हे त्या गाड्या ठेवणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. तिथेही प्रश्न रबर आणि तेलाच्या जोडीचाच आहे.

बाजारात ‘स्टॉप लीक’च्या बाटल्या मिळतात, त्या थोड्या बऱ्या. त्यातलं रसायन कडक झालेलं सील हळूहळू मऊ करतं, आणि शाफ्टपाशी नुसता ओलावा असेल तर काही काळ निभावतो. फाटलेलं सील, चिरलेला होज, सैल क्लिप यांवर त्याचा काही उपयोग नाही.

‘कुठलंही तेल चालतं’ हा मुद्दा टाकीचं झाकण बघितलं तरी संपतो. बीएमडब्ल्यूच्या ई३९ पाच सिरीजमध्ये काही गाड्यांच्या झाकणावर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) लिहिलेलं असतं, काहींवर सीएचएफ ११एस हे वेगळं हायड्रॉलिक तेल. मॉडेल तेच, तेल वेगळं. एटीएफ साधारणपणे लाल, सीएचएफ हिरवं, पण रंग बघून तेल भरू नका. रंग नुसता घातलेला असतो आणि जुनं एटीएफ तपकिरीही दिसतं. झाकण किंवा मॅन्युअल जे सांगेल तेच भरायचं.

आता गळती शोधण्याबद्दल. सहा मुद्द्यांत शोधायचा उपाय एकच, आणि तोही पंपाला मारणारा. स्टिअरिंग टोकाला धरून ठेवलं की जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, पंप तेच तेल घुसळत राहतो आणि ते झपाट्याने तापतं. टोकाला काही सेकंद पुरे. मिनिटभर कशाला?

खरं तर शोधायचं काम कंटाळवाणं आहे, अवघड नाही. थंड इंजिनावर डीग्रीझर मारून पंप, होज, रॅक किंवा (काही गाड्यांत रॅकऐवजी असतो तो) स्टिअरिंग बॉक्स सगळं धुवून कोरडं करा. मग इंजिन चालू करून कोणाला तरी स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवायला सांगा आणि टॉर्च घेऊन बघा. तेल खाली आणि वाऱ्याने मागे पसरतं, म्हणून सगळ्यात वरची आणि पुढची ओली जागा शोधायची. जमिनीवरचा डाग फार काही सांगत नाही. दिसलंच नाही तर तेलात चालणारा यूव्ही डाय (अतिनील दिव्यात चमकणारा रंग) टाका. एक लक्षात ठेवा: दाबाच्या होजवर बोट फिरवून चीर शोधू नका. बारीक छिद्रातून येणारी धार कातडीत घुसते. पुठ्ठा फिरवा, त्यावर रेघ उमटते.

आधी स्वस्त जागा तपासा. टाकीतून पंपाकडे जाणारा आणि परत येणारा होज कमी दाबाचा असतो. गाडी थंड असताना तो टोकापाशी धरून हलकेच फिरवा. चांगलं रबर नळीला घट्ट धरून बसतं. जुनं झालेलं असेल तर क्लिपखाली चपटं आणि कडक झालेलं असतं, हाताने गोल फिरतं आणि खाली धूळ चिकटलेलं तेलाचं काळं कडं दिसतं. तेवढा होज आणि क्लिप बदला. मग बँजो बोल्टचे, म्हणजे होज पंपाला जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे, वॉशर. ते एकदाच वापरायचे असतात, पण जुनेच परत आवळलेले कितीतरी वेळा दिसतात. पुलीमागे ओलं असेल तर पंपाच्या शाफ्टचं सील. रॅकच्या टोकांचे रबरी बूट दाबून बघा. आत तेल खुळखुळत असेल तर रॅकचं आतलं सील गेलंय, आणि तेव्हा मात्र रॅक उतरवावी लागते.

आणि ते तेल स्टिअरिंगचंच आहे ना, हेही बघा. बीएमडब्ल्यूच्या जुन्या सहा सिलिंडर इंजिनांत ऑइल फिल्टर हाउसिंगचं गॅस्केट गळतं आणि इंजिन ऑइल थेट खालच्या स्टिअरिंग पंपावर उतरतं. बिचारा पंप बदलला जातो आणि डाग तसाच राहतो.

‘थांबलं नाही तर रॅक टाका’ यावर तर हसावं की रडावं कळत नाही. मर्सिडीजच्या डब्ल्यू१२४ या जुन्या मॉडेलमध्ये रॅक नाहीच, रिसर्क्युलेटिंग बॉलचा स्टिअरिंग बॉक्स आहे. ई३९मध्ये सहा सिलिंडरवाल्यांना रॅक, व्ही८वाल्यांना बॉक्स. नसलेली रॅक कुठून बदलायची? बॉक्समध्ये बऱ्याचदा खालच्या शाफ्टचं सील गळतं, आणि पुलरने (ओढून काढायच्या अवजाराने) त्यावरचा आर्म काढून ते बदलता येतं.

क्लिप आणि रबर गुंडाळणं: कमी दाबाच्या बाजूला तात्पुरतं चालेल. दाबाच्या होजवर अजिबात नाही. तिथून उडणारं तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं तर आग लागते.

तेल संपल्यावर स्टिअरिंग फक्त जड होतं, हे गाडी वळण्यापुरतं खरं. चाकांशी जोडणी यांत्रिकच असते. पण पंपाचं वंगण तेच तेल आहे. कोरडा पंप स्वतःला खातो आणि त्याचा चुरा सगळीकडे पसरवतो. पंप फिरवणारा बेल्ट काढून चालवा म्हणणारेही भेटतात. बऱ्याच गाड्यांत त्याच बेल्टवर वॉटर पंप आणि अल्टरनेटर असतो.

ब्रेक ऑइल आधीच ओतून झालं असेल तर इंजिन सुरू करू नका. सिरिंजने टाकी रिकामी करा, परतीचा होज सोडून उरलेलं तेल उतरवा, आणि योग्य तेल भरत, चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवत राहा, स्वच्छ तेल येईपर्यंत. गाडी चालवून झाली असेल तरी हेच करा, पण सिलं बदलायची तयारी ठेवा. ज्या टाकीत गाळणी आतच बसवलेली असते, तिथे टाकीही नवी घ्या.