आईला बाबांची चाहूल लागते, त्याबद्दल

बाबांना जाऊन चार वर्षं झाली. ते गेल्यावर साधारण महिनाभराने आईने फोनवर अगदी हळू आवाजात मला सांगितलं की पहाटे पाचच्या सुमाराला ओसरीवर चुन्याच्या डबीचं झाकण वाजतं. बाबांची ती सवय होती, डेअरीला दूध घालायला निघायच्या आधी ओसरीवर बसून तंबाखू मळायचे आणि डबीचं झाकण अंगठ्याने दोनदा टकटक वाजवून लावायचे, चव्वेचाळीस वर्षं रोज. आई म्हणाली, "अगं नुसता आवाज नाही, ते येऊन बसलेत हे कळतं मला. मी पाठ करून चहा गाळत असते तरी कळतं." आणि लगेच पुढे, "कुणाला बोलू नको हं, म्हणतील हिला काहीतरी लागलंय."

मी बोलले. आत्याला सांगितलं, काळजीपोटी. आत्याने पण काळजीपोटीच एका जाणकाराला घरी आणलं. त्याने पहिला प्रश्न विचारला की दहाव्याला पिंडाला कावळा शिवायला उशीर झाला होता का? झाला होता, तास दीड तास सगळे घाटावर उन्हात उभे होते, कोणी म्हणालं धाकट्याचं लग्न राहिलंय म्हणून, कोणी म्हणालं म्हशींची काळजी आहे, प्रत्येकाने काही ना काही कबूल करून पाहिलं. झालं, जाणकाराला तेवढं पुरलं. जीव अडकलाय म्हणाला, अकरा दिवसांचं अनुष्ठान, एकवीस हजार, आणि त्या अकरा दिवसांत इंग्रजी औषध पोटात जायचं नाही. आईने बीपीची गोळी बंद केली, मला कळू न देता. सहाव्या दिवशी न्हाणीघरात चक्कर येऊन पडली, कपाळाला तीन टाके.

इकडे पुण्यात मी माझ्या जवळच्या ग्रुपवर हे लिहिलं, तर तिथे उत्तर आलं की हे सरळ हॅल्युसिनेशन आहे, आईला सायकियाट्रिस्टकडे ने. एकाने हसणारा इमोजी टाकला. खरं सांगते, त्या रात्री मला दोन्हीकडच्या माणसांचा सारखाच राग आला. एकाने आईच्या दुःखाचे एकवीस हजार लावले आणि दुसऱ्याने तिला वेडी ठरवलं, आणि तुला नेमकं काय जाणवतं गं हे तिला कोणीच विचारलं नाही, मी सुद्धा नाही.

मग मी वाचायला लागले, रात्री जागून, जे मिळेल ते. त्यात १९७१ चा एक जुना अभ्यास सापडला, वेल्समधल्या ग्रामीण भागातल्या एका साध्या फॅमिली डॉक्टरचा, डेवी रीस नावाचा. त्याने आपल्या भागातल्या २९३ विधवा आणि विधुर माणसांना भेटून विचारलं की गेलेला जोडीदार तुम्हाला कधी जाणवतो का. जवळजवळ निम्म्या लोकांनी हो सांगितलं. कोणाला नुसती चाहूल, कोणाला आवाज, कोणाला दिसलेलं सुद्धा. ज्यांचा संसार जास्त वर्षांचा त्यांना जास्त. यातल्या बहुतेकांनी हे आधी कोणालाही सांगितलं नव्हतं, आणि बहुतेकांना त्याचा त्रास नाही तर आधार वाटत होता. ही वेडी माणसं नव्हती, शेतीवाडी, घरदार सांभाळणारी तुमच्या आमच्यासारखी माणसं होती.

पुढच्या रविवारी गावी जाऊन आईला हे सांगितलं. तिच्या कपाळावर टाक्यांची पट्टी होती, लसूण सोलत बसली होती. हातातली पाकळी तशीच धरून म्हणाली, "म्हणजे विलायतेतल्या बायकांना पण?" आणि मग बराच वेळ काही बोललीच नाही. पदराने डोळे पुसले आणि परत लसूण सोलायला लागली. त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली, कित्येक दिवसांनी.

म्हणून मला ही पोस्ट लिहायची होती. श्रद्धेचं वैज्ञानिक स्पष्टीकरण म्हटलं की आपल्याकडे लगेच दोन फळ्या पडतात. देवभोळ्या माणसाला वाटतं आता हे माझा देव काढून घेणार, आणि विवेकी म्हणवणाऱ्याला वाटतं की मेंदूतली जागा दाखवली, संपला विषय. माझं म्हणणं असं आहे की मेंदूत कसं घडतं हे कळलं म्हणून अनुभव खोटा होत नाही, पण अनुभव खरा आहे म्हणून कोणीही उठून त्याला लावलेला अर्थ खरा होत नाही. आईला चाहूल लागते हे शंभर टक्के खरं. जीव अडकलाय हा त्या माणसाने चिकटवलेला अर्थ.

कसं घडतं तेही फार विलक्षण आहे. २००६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी एक केस छापली. फिट्सच्या ऑपरेशनच्या आधी तपासणी चालू असताना त्यांनी एका तरुण मुलीच्या मेंदूत डाव्या बाजूला, कानाच्या वर थोडं मागे, बारीकसा विद्युत प्रवाह सोडला, तर तिला वाटलं पाठीमागे कोणीतरी आहे. ती झोपलेली तर तेही झोपलेलं, ती उठून बसली आणि तिने गुडघ्यांना मिठी मारली तर त्याने मागून तिलाच मिठी मारल्यासारखं वाटलं. तिला ते नकोसं झालं. म्हणजे ती सावली दुसरी कोणी नव्हती, तिच्याच शरीराची जाणीव मेंदूने जरा बाजूला सरकवून ठेवली होती. पुढे २०१४ मध्ये त्याच गटाने धडधाकट माणसांवर प्रयोग केला, डोळे बांधून हात पुढे हलवायचा आणि मागून रोबोट तशीच हालचाल पाठीवर करणार, फक्त अर्धा सेकंद उशिरा. एवढ्या अर्ध्या सेकंदाने काही लोकांना खोलीत कोणीतरी आहे असं वाटायला लागलं, आणि दोघांनी तर घाबरून थांबवा म्हणून सांगितलं.

आईच्या डोक्यात नेमकं हेच होतं असं मी म्हणत नाही, तिची गोष्ट वेगळी आहे. चव्वेचाळीस वर्षं पहाटे पाचला तो आवाज यायचाच, तिच्या मेंदूने तो गृहीत धरलेला, जिना उतरताना पुढची पायरी धरतो तसा. माणूस गेला तरी मेंदूला ते लगेच कुठलं पटतंय. अंत्यविधी एका दिवसात होतो, सवय एका दिवसात जात नाही. आणि थकवा, थंडी, एकटेपणा यातही असं होतं. अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेलेला शॅकल्टन आणि त्याचे दोन साथीदार १९१६ मध्ये साउथ जॉर्जिया बेटावरचे बर्फाचे डोंगर छत्तीस तास चालून पार करत होते, तेव्हा तिघांनाही वाटत राहिलं की आपण चौघं आहोत. शॅकल्टनला तो देवाचा हात वाटला. तसं वाटायचा हक्क त्याचा, पण जाणीव तीच, जी आईला ओसरीवर होते.

आता विज्ञानाच्या नावावर खपवलेल्या गोष्टींबद्दल पण बोलायलाच हवं. कॅनडातल्या पर्सिंजर यांचं ते गॉड हेल्मेट तुम्ही ऐकलं असेल, डोक्याला हलकं चुंबकीय क्षेत्र दिलं की देव जाणवतो म्हणे. व्हिडिओ अजून फिरतात. पण २००५ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी तोच प्रयोग नीट बंदोबस्तात केला, चुंबक चालू आहे की बंद हे ना बसणाऱ्याला माहीत ना बसवणाऱ्याला, तर चुंबकाने काही फरकच पडला नाही. ज्या माणसांवर सूचनेचा चटकन परिणाम होतो त्यांना अनुभव आले, चुंबक बंद असतानाही. म्हणून "देवाची जागा सापडली" वगैरे वाचलं की मी तिथेच थांबते, ते मंत्रातल्या दिव्य लहरींच्या फॉरवर्डइतकंच कच्चं आहे.

याउलट इटलीतल्या पाव्हियाचा २००१ चा छोटा अभ्यास, २३ माणसांचा, मला फार आवडतो. ख्रिश्चनांची जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि तिबेटी लोकांचा ओम मणि पद्मे हुम्, दोन्ही म्हणताना माणसाचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाच्या ठोक्यांची, रक्तदाबाची लय त्याच्याशी जुळते. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, श्वास तोच. मी घड्याळ लावून आईचे श्वास मोजले, संध्याकाळी दिवा लावून ती रामकृष्णहरी म्हणत माळ ओढत होती तेव्हा. सात भरले. तिला सांगितलं तर म्हणाली, "मला मोजायचं नाही बाई, मला बरं वाटतं." बरोबर आहे तिचं. बीपीची गोळी मात्र आता चुकवत नाही, माळ पण आणि गोळी पण.

वारीचंही तसंच. आई दुसऱ्या वर्षी गावच्या दिंडीतून पंढरपूरला गेली, पावसात, शाळेच्या फरशीवर झोपून, गुडघे आधीच गेलेले. आली ती हलकी होऊन आली. प्रयागच्या माघ मेळ्यावर भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांनी मिळून काम केलंय, २०१२ मध्ये छापलं. महिनाभर नदीकाठी थंडीत राहणारे ४१६ कल्पवासी आणि मेळ्याला न गेलेले १२७ जण, आधी आणि नंतर दोन्ही वेळा विचारपूस. थंडी, गर्दी, गोंगाट सगळं असूनही कल्पवासींची तब्येत त्यांच्या स्वतःच्या म्हणण्यानुसार सुधारलेली. त्याच गटाचा आणखी एक आवाजाचा प्रयोग होता, एकच गोंगाटाची टेप, काहींना सांगितलं मेळ्यातली आहे, काहींना शहरातल्या रस्त्यावरची. मेळ्यातली म्हटल्यावर लोक ती जास्त वेळ ऐकत राहिले. आवाज तोच, आपला म्हटलं की सोसतो. देव आहे की नाही हे यातून सिद्ध होत नाही, आणि तसं कोणी म्हणालं नाही. सोबत ही माणसाच्या शरीरावर काम करणारी गोष्ट आहे एवढं कळतं, आणि एकटी पडलेली आई सव्वादोनशे किलोमीटर का चालते तेही.

विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९०२ मध्येच हे मांडलं होतं, की संत पॉलला झालेलं दर्शन म्हणजे फक्त फिट होती असं म्हणून मोकळं होता येत नाही, कारण तुमचा अविश्वास सुद्धा शरीरातूनच येतो, मग तोही तसाच निकालात काढायचा का.

पण म्हणून सगळंच चालवून घ्यायचं असंही नाही. डॉ. दाभोलकरांचा खून झाला २० ऑगस्ट २०१३ ला, आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले तो त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मंजूर झाला. लोकांना वाटतं तो कायदा देवधर्माच्या विरोधात आहे. वाचा तरी एकदा. वारी, कीर्तन, भजन, उपासना याला हात लागणार नाही हे त्यात स्पष्ट लिहिलंय. भूत उतरवतो म्हणून बाईला मारणं, साखळीने बांधणं हा गुन्हा आहे. चाहूल लागणं हा गुन्हा नाही आणि आजारही नाही. आवाज हुकूम सोडायला लागले, भीतीने झोप उडाली, जेवण तुटलं, तर मात्र डॉक्टरकडे न लाजता जायचं, त्यात कमीपणा काय.

गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंचे यजमान गेले. आई तेराव्यानंतर भाकरी घेऊन त्यांच्याकडे गेली, मी पण होते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर आईने अचानक विचारलं, "रात्री काही जाणवतं का गं तुला?" काकू दाराकडे बघत आवाज खाली आणून म्हणाल्या, "खोकला ऐकू येतो हो वहिनी. कुणाला सांगितलं नाही." आई त्यांच्या जवळ सरकून बसली, म्हणाली मला तर चार वर्षं डबी वाजलेली ऐकू येते. मग दोघी बोलत बसल्या, दिवेलागण झाली तरी उठल्या नाहीत, आणि मी हळूच उठून आत चहा ठेवला.