असिंक केलं की फास्ट होतं?

“सगळी फंक्शन्स असिंक करा, प्रत्येक कामाला स्वतंत्र टास्क द्या, सर्व्हर आपोआप फास्ट होईल.” हा सल्ला सगळीकडे फिरतोय आणि लोक तो डोळे झाकून कोडमध्ये उतरवतायत. असिंक म्हणजे उत्तराची वाट पाहताना थांबून दुसऱ्या कामाला वाट देणारं फंक्शन. एकेक तुकडा घेऊ.

‘आपोआप फास्ट.’ एकट्या रिक्वेस्टपुरतं बोलायचं तर नाही. नेटवर्कवरून उत्तर यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागणारच. तोवर थ्रेड (प्रोग्रॅममधला काम करणारा एक धागा) दुसऱ्या कनेक्शनचं काम उरकतो, एवढाच फायदा. हजारो कनेक्शन्स असतील तर तो मोठा, हे मान्य. पण भलंमोठं जेसन (मजकुराच्या रूपातला डेटा) पार्स करताना, म्हणजे वाचून उलगडताना, वाट कसली पाहायची? ते प्रोसेसरचंच काम. तिथे इव्हेंट लूपच, म्हणजे कोणतं काम पुढे चालवायचं ते ठरवणारं चक्रच, अडकून पडतो.

‘सगळी फंक्शन्स असिंक.’ जावास्क्रिप्टमध्ये व्हॅल्यू तयार असली तरी अवेट (उत्तर येईपर्यंत थांब, असं सांगणारा शब्द) पुढचा कोड मायक्रोटास्कच्या, म्हणजे चालू कोड संपताच उरकायच्या छोट्या कामांच्या, रांगेत ढकलतोच. व्ही८ या जावास्क्रिप्ट इंजिनने प्रॉमिस (पुढे मिळणाऱ्या उत्तराचा ऑब्जेक्ट) अवेट करण्याचा खर्च किमान तीन फेऱ्यांवरून एकीवर आणला, शून्यावर नाही. कॅशमधली व्हॅल्यू उचलायला हा भुर्दंड कशाला?

‘प्रत्येक कामाला टास्क.’ पायथनमध्ये कोरुटीनला (असिंक फंक्शनच्या मध्येच थांबू शकणाऱ्या कामाला) थेट अवेट केलं तर ते तिथल्या तिथे चालू होतं. खरोखर थांबायची वेळ येईपर्यंत लूपचा संबंधच येत नाही. क्रिएट टास्क केलं की नवा ऑब्जेक्ट बनतो आणि सहसा तो लूपच्या रांगेत लागतो. पुढच्याच ओळीत त्याला अवेट करायचं असेल तर हा निव्वळ द्राविडी प्राणायाम.

आणि खरी उधळपट्टी जिथे होते, तिचा या सल्ल्यात उल्लेखही नाही: बारीकबारीक राइट, म्हणजे नेटवर्कवर थोडाथोडा डेटा लिहिणं. नेहमीचा नमुना बघा. आधी ४ बाइट्समध्ये संदेशाची लांबी लिहायची, मग मजकूर. पायथनची असिंकआयओ लायब्ररी, बफर (पाठवायच्या डेटाची तात्पुरती जागा) रिकामा असेल तर, प्रत्येक राइट लगेच सॉकेटवर, म्हणजे नेटवर्क जोडणीच्या टोकावर, पाठवायला जाते. त्यात पायथन ३.६ पासून टीसीपी नोडिले ही सेटिंग आधीपासूनच चालू, म्हणजे नेगल अल्गोरिदम (छोटे तुकडे साठवून एकत्र पाठवणारी टीसीपीची पद्धत) दोन्ही तुकडे जोडून घेईल ही आशा नको. परिणाम: दोन सिस्टिम कॉल (ऑपरेटिंग सिस्टिमला केलेल्या विनंत्या), बहुधा दोन पॅकेट्स, आणि त्या ४ बाइट्सच्या डोक्यावर आयपीव्ही४ व टीसीपीचे मिळून किमान ४० बाइट्सचे हेडर. लांबी आणि मजकूर आधीच जोडून एकदाच राइट केला की हे टळतं.

लिनक्सवर प्रोसेसला एसट्रेस (सिस्टिम कॉल दाखवणारं साधन) लावा. एका छोट्या संदेशामागे सेंडटू हा पाठवण्याचा कॉल दोनदा दिसला, तर टास्क वाढवू नका, राइट जोडा.